किमान विसर्ग

माझं लेखन गेली एकोणीस वर्षं नियमितपणे छापून येतं, ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. त्यावर माझं नाव नसतं, एवढीच काय ती अडचण. मी धरणाच्या कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. धरणातून पाणी सोडायचं ठरलं की त्याची सूचना लिहिण्याचं काम माझ्याकडे येतं. 'नागरिकांनी नदीपात्रात उतरू नये, जनावरे सोडू नयेत, पात्रातील साहित्य तत्काळ हलवावे.' खालच्या प्रत्येक पुलावर हा मजकूर लावलेला आहे. त्यातलं 'तत्काळ' माझं. माझ्या आधीचे लिपिक 'लवकरात लवकर' लिहायचे. 'लवकरात लवकर' वाचून लोक आधी चहा पितात आणि मग निघतात, असं माझं निरीक्षण आहे.

अशा माणसाच्या घरचे लोक कसे असतील, ते वेगळं सांगायला नको. बाहेर पडताना बायको गॅसचं बटण तीनदा बघते आणि तिसऱ्यांदा मला साक्षीदार म्हणून बोलावते. माझा थोरला भाऊ, म्हणजे आमचे दादा, आमच्याकडेच असतात. लग्न केलं नाही, घड्याळं दुरुस्त केली. आता दुकान बंद आहे पण वेळ मोजायची सवय गेलेली नाही. आमची लिफ्ट एकदा चार मिनिटं दहा सेकंद अडकली होती. तेव्हापासून दादा जिन्याने येतात, आणि जिन्याला किती लागली तेही सांगतात. आमच्या घरात रस्ता ओलांडण्याआधी चर्चा न करणारी एकच व्यक्ती, ती म्हणजे आमची मुलगी. वय सतरा.

या मुलीला एक दिवस आणि एक रात्र गाडीने लागते इतक्या लांबच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. कॉलेजने पालकांसाठी एक संमतिपत्र पाठवलं. एकच पान, खाली सहीची जागा. ते पान तीन आठवडे फ्रिजवर चुंबकाखाली लटकत होतं. कुणी विचारलं की मी म्हणायचो, वाचतोय. एका पानाला तीन आठवडे कसे लागतात असं दादांनी विचारलं नाही, पण मोजले असणार. कागद पोचवायची मुदत महिनाअखेरच्या शुक्रवारची होती, आणि तो गेला नाही की जागा दुसऱ्या कुणाला मिळणार होती.

शेवटी एका रविवारी मुलीने तो कागद चुंबकाखालून काढला, माझ्यासमोर ठेवला आणि सौदा मांडला. आपण चौघांनी एकदा राफ्टिंगला जायचं. सगळ्यात साधं, लहान मुलांना नेतात तसलं. रबराची नाव, सोबत माहीतगार माणूस, दोन तास.

"काही झालं नाही, तर सही करायची," ती म्हणाली. "कबूल?"

मी कबूल म्हणून बसलो. खरं सांगायचं तर माझा समज असा झाला की परीक्षा तिची आहे. पोरगी स्वतःला सांभाळते का, घाबरत नाही ना, हे बापाला दाखवायचंय. मनात म्हटलं, दाखव बाई.

एकदा ठरलं म्हटल्यावर मी काम अंगावर घेतलं, आणि मी एखादं काम अंगावर घेतलं की ते किती वाढतं हे आमच्या कार्यालयात सगळ्यांना ठाऊक आहे. राफ्टिंगच्या संस्थेकडून अकरा पानांचं प्रतिज्ञापत्र आलं. ते मी चौदा शंका काढून परत पाठवलं. शंका क्रमांक नऊ अशी होती की 'सहभागी व्यक्ती पाण्यात पडल्यास' या वाक्यात पडण्याची जबाबदारी कोणाची ते स्पष्ट होत नाही. त्यावर ज्या बाई ती संस्था चालवतात त्यांचा स्वतःचा फोन आला. साठीच्या असाव्यात, आवाज अगदी शांत. म्हणाल्या, साहेब, रबराची नाव आहे, तिच्यात बसायचं असतं. मी म्हटलं, ते लेखी द्या. त्यांनी दिलं.

त्यानंतर अडचण अशी निघाली की लहान मुलांच्या सहलीला किमान एक लहान मूल लागतं. आमच्यात सर्वांत लहान सतरा वर्षांची, आणि सर्वांत मोठे दादा, एकोणसत्तर. मी विशेष बाब म्हणून अर्ज केला. कारणाच्या रकान्यात 'कुटुंबाचा एकंदर स्वभाव पाहता' असं लिहिलं. अर्ज लगेच मंजूर झाला, ते मला थोडं लागलं.

तोवर बातमी इमारतभर झाली होती. समोरच्या वहिनी म्हणाल्या, नवे बूट घाला, जुने पाण्यात तळाशी सुटतात. खालचे औषधवाले म्हणाले, जुने घाला, नवे चावतात. त्यांनी मळमळीच्या गोळ्याही दिल्या, आणि त्या घेतल्यावर झोप येते म्हणून झोप न येण्याच्याही सुचवल्या. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक खास खाली उतरून आले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पाण्याला कधी पाठ दाखवू नये. नदीच्या मधोमध बसल्यावर पाणी चहूकडे असतं तर पाठ ठेवायची कुठे, असं मी विचारलं. ते म्हणाले, तेच तर. आणि चहा पिऊन गेले.

सरावाची कल्पना माझी. आमचा पलंग ऐसपैस आहे, तीच नाव. दोन झाडू, एक फरशी पुसायचा दांडा आणि दादांची छत्री, ही वल्ही. रोज संध्याकाळी सहा ते साडेसहा. मी पलंगाच्या डोक्याकडे उभा राहून आज्ञा द्यायचो: पुढे, मागे, थांबा, खाली बसा. 'खाली बसा' म्हटलं की सगळ्यांनी गादीवर वाकून कडा धरायची. ही आज्ञा सर्वांत महत्त्वाची, असं मी संस्थेच्या माहितीपुस्तिकेत वाचलं होतं, म्हणून ती मी जरा उंच होऊन, हात वर करून द्यायचो. चौथ्या दिवशी औषधवाले धपधप कसली म्हणून तक्रार करायला वर आले. बायकोने त्यांना बसा म्हटलं; खुर्च्या भिंतीला लावलेल्या असल्यामुळे ते पलंगावरच बसले, आणि पुढची वीस मिनिटं त्यांनी पायपुसणं घेऊन इमानाने वल्हं मारलं. जाताना तक्रार करायची राहून गेली.

आता मुद्द्याचं सांगतो. धरणातून कोणत्या दिवशी किती पाणी सोडायचं, म्हणजेच विसर्ग किती, याचं पंधरवड्याचं वेळापत्रक आमच्या कार्यालयात भिंतीवर असतं. इतर लोक सहलीला जाताना आकाशाकडे बघतात. मी वेळापत्रकाकडे बघितलं. सोमवारी जास्त, मंगळवारी मध्यम, आणि बुधवारी, दरवाजांना रंग द्यायचा असल्यामुळे, 'किमान विसर्ग'. इतका सुरक्षित दिवस वर्षातून एखादाच येतो. एकोणीस वर्षांच्या नोकरीचा घरच्यांना प्रथमच काही उपयोग होत होता. मी गुपचूप बुधवार नक्की केला.

बाईंनी फोनवर दोनदा विचारलं, बुधवार? बुधवारी कुणीच येत नाही हो. मी म्हटलं, गर्दी नको तर उत्तमच. म्हणाल्या, पाणी फार कमी असेल. म्हटलं, तेच हवंय. मग त्या म्हणाल्या, नंतर तक्रार नको, लेखी द्या. मी दिलं. 'पाणी कमीत कमी असावे, ही विनंती.' खाली सही, सहीखाली टिंब. माझ्या सहीखाली टिंब असतं. त्याशिवाय आमच्याकडे कागद पुढे सरकत नाही.

बुधवारी सकाळी आम्ही नदीवर पोचलो तेव्हा बायकोकडे प्रत्येकी तीन कपड्यांचे जोड, दोरी, शिट्टी आणि गरम पाण्याचा थर्मास होता. दादांनी मनगटावरच्या घड्याळावर तीन प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या होत्या, त्यामुळे वेळ बघायला ते हात सूर्याकडे धरत होते. मुलीजवळ पाणी न शिरणारी एक लहान पिशवी होती. त्यात काय आहे ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मुदतीला दोन दिवस उरले होते.

लाइफ जॅकेटं चढली, हेल्मेटं चढली. केशरी रंगाच्या नावेत आम्ही पलंगावरच्या जागा बरोबर घेतल्या. बाई स्वतःच मागे बसल्या. म्हणाल्या, पुढे. आम्ही चौघांनी एकदम वल्ही मारली. इतका सराव कुठलं कुटुंब करून येत असेल? वल्ही खसकन खडीवर घासली आणि नाव वीतभर सरकली. पुन्हा पुढे, पुन्हा वीतभर. दादांनी सूर्याकडे हात धरून हिशेब केला आणि या वेगाने आपण पुढच्या महिन्यात पोचू असं जाहीर केलं.

बाई म्हणाल्या, "उतरा."

एकोणीस वर्षं ज्या नदीपात्रात कुणी उतरू नये म्हणून मी जीव तोडून लिहिलं, त्यात मी सहकुटुंब उतरलो. पाणी घोट्यापर्यंत होतं. काही ठिकाणी घोट्याला शोधावं लागत होतं.

पुढे वळणावर डोह आहे, तिथे पाणी बारमाही असतं, पण तोवर नाव उचलून न्यावी लागेल असं बाई म्हणाल्या. तक्रार करायची सोय नव्हती, कागद त्यांच्याकडे होता. मग आम्ही ती रबराची नाव उलटी करून डोक्यावर घेतली. पुढे मी आणि मुलगी, मागे बायको आणि दादा. वरून आम्ही कसे दिसत असू याचा मी विचार करायचा नाही असं ठरवलं, आणि तेवढाच करत राहिलो. आतून फक्त आठ पाय दिसत होते आणि सगळ्यांचे चेहरे केशरी.

पुलाखाली एक माणूस स्टुलावर बसून मासे पकडत होता. त्याने विचारलं, कुठे निघालात? मी नावेखालून म्हटलं, राफ्टिंगला. त्याने गळ बाजूला ठेवला. मग म्हणाला, वर पाटी आहे ती वाचली नाहीत का? आणि आम्ही खालून जात असताना त्याने ती पाटी अथपासून इतिपर्यंत मोठ्याने वाचून दाखवली. जनावरे सोडू नयेत, इथे आल्यावर तो जरा थांबला आणि आमच्याकडे बघितलं. 'साहित्य तत्काळ हलवावे' ऐकून बायकोचा पाय घसरला. हसू दाबताना घसरला, हे मला नंतर कळलं. मला त्या क्षणी एवढंच वाटलं की आपलं लेखन दुसऱ्याच्या तोंडून फारच वसकन अंगावर येतं.

मुलगी मात्र सकाळपासून हसली नव्हती. पूल मागे पडल्यावर मी तिला हळूच म्हटलं, हे बघ, काही झालेलं नाही. ठरल्याप्रमाणे मी सही करायला बांधील आहे.

"हे धरायचं नाही, बाबा."

"का? अट तूच घातलीस."

ती चालत राहिली. मग खालच्या खडीकडे बघत म्हणाली, "मला नाही भीती वाटत तिकडे जायची. तुमची तिघांची वाटते. मी गेले की तुम्ही दार लावून आत बसाल. मला एकदा बघायचं होतं, तुम्ही तिघं कशात तरी पडता आणि हसत बाहेर येता. ते बघितलं असतं की मी निवांत गेले असते. आणि तुम्ही नदीतलं पाणीच काढून घेतलंत."

म्हणजे बुधवारचं तिला ठाऊक होतं. कार्यालयाचं वेळापत्रक संगणकावरही असतं, हे मी विसरलो होतो. मला फार वाईट वाटलं. परीक्षा आमची होती, आणि आम्ही पेपरच कोरा आणला होता. मागून दादांनी किती मिनिटं झाली ते सांगितलं नाही, यावरून त्यांनी सगळं ऐकलं होतं हे कळलं.

डोह आला. खरंच पाणी होतं, हिरवं आणि स्वच्छ, आणि त्यात वरून उतरायला दगडांमधून एक लहानशी घसरण होती, जिन्याच्या दोन पायऱ्यांएवढी. बाईंनी नाव पाण्यात टाकली. आम्ही बसलो. नाव या वेळी आपणहून निघाली, तिला पाणी ओढून नेऊ लागलं. घसरणीचं तोंड दिसलं. बाईंनी मागून सांगितलं, खाली बसा.

आता घरात ही आज्ञा कोण देत होतं? आणि कशी? पंधरा दिवसांची सवय. बाईंचा शब्द पुरा व्हायच्या आत मी नावेत ताडकन उभा राहिलो, हात वर केला आणि खणखणीत आवाजात म्हणालो, खाली बसा. सगळे खाली बसले. फक्त मी उभा होतो.

पुढचं मला थोडंच आठवतं. नाव खाली गेली, मी तसाच पुढे गेलो. पाणी नाकात, कानात, हेल्मेटमध्ये. आपण गेलो, असं स्पष्ट वाटलं. घरचा गॅस बंद आहे का, हेही मनात येऊन गेलं. जॅकेटने मला बुचासारखं वर काढलं. मी हातपाय झाडत ओरडत होतो, आणि बाई नावेतून शांतपणे सांगत होत्या, "साहेब, उभे राहा." मी उभा राहिलो. पाणी कमरेपर्यंत होतं.

मग बायको हसायला लागली. असं तोंडावर हात न धरता, मागे रेलून हसताना मी तिला कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. दादा सूर्याकडे मनगट धरून 'अकरा सेकंद!' एवढंच म्हणत होते, आणि ते म्हणता म्हणता त्यांनाही हसू फुटलं. माझा मान राखायला म्हणून मी थोडा वेळ गंभीर राहिलो. नाकातून पाणी येत असताना ते जमत नाही. मीही हसलो. मुलगी आम्हा तिघांकडे आळीपाळीने बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं की डोहातलं उडालं होतं, ते मी विचारलं नाही.

जॅकेटच्या पट्ट्याला धरून त्यांनी मला आत ओढलं. तेव्हा दादांनी, लिफ्टमध्ये न बसणाऱ्या आमच्या दादांनी, बाईंना विचारलं, परत एकदा जाता येतं का? आम्ही नाव पुन्हा डोक्यावर घेऊन वर चढलो. असे चारदा घसरलो. दुसऱ्यांदा बायको मुद्दाम पडली. तिसऱ्यांदा दादा पडले आणि स्वतःचे सेकंद मोजता आले नाहीत म्हणून हळहळले. चौथ्यांदा आज्ञा मुलीने दिल्या, बसून.

काठावर उलट्या नावेवर तिने ती पिशवी उघडली. आत कागद होता आणि पेन. ती म्हणाली, अटीप्रमाणे आता तुम्ही बांधील नाही, झालं की काहीतरी. मी म्हटलं, झालं ना, म्हणून तर दे इकडे. ओल्या, गारठलेल्या हाताने सही केली. शुक्रवारच्या आत कागद पोचला.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती, पण मीही कार्यालयातला माणूस आहे आणि कार्यालयं सगळीकडे सारखीच. सोमवारी कॉलेजचं उत्तर आलं: पालकांची सही प्रवेश अर्जावरच्या नमुन्याशी जुळत नाही, टिंबही नाही, तीन दिवसांत नवीन सही करून पाठवावी. याच कारणासाठी मी आजवर किती लोकांचे कागद परत केले असतील, त्याला गणती नाही. सगळ्यांची मनातल्या मनात माफी मागितली.

मुलीने कोरं संमतिपत्र जेवणाच्या टेबलावर ठेवलं. तेच घर, तोच पंखा, फ्रिजवर रिकामा चुंबक. ओल्या अंगाने, हसताहसता केलेली सही वेगळी. ही मला कोरड्या हाताने करायची होती, आणि समोर तिची अर्धी भरलेली बॅग दिसत होती. बायको गॅसपाशी जाऊन परत आली. एकदाच गेली. मुलगी खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली.

मी पेन उघडलं. बंद केलं. संमतिपत्र पहिल्यांदाच खरोखर वाचलं. मग सही केली, पूर्ण, वळणदार, आणि खाली टिंब दिलं. टिंब जरा मोठं झालं.

मुलीने कागद उचलून त्यावर हळूच फुंकर घातली.

"नदीवरची सही पाच सेकंदांत झाली होती," दादा घड्याळ बघत म्हणाले. "हिला साडेचार मिनिटं लागली."

ती म्हणाली, "चालेल, काका. हीच पाठवू."